टिटवीचा उलटा डाव

हे मी आजवर कुणाजवळ बोललो नाही. सुजाताजवळसुद्धा नाही — आणि माझ्या बायकोला मी वर्गात कोण जांभई देत होतं इथपासून सगळं सांगतो. मग तुम्हाला का सांगतोय? तुम्ही मला ओळखत नाही म्हणून? असेल. की गेल्या रविवारपासून ते घशाशी येऊन अडकलंय आणि आता गिळताही येत नाही, म्हणून? तेही असेल.

गोष्ट पत्त्यांच्या खेळाची आहे. हसू आलं ना? मलाही यायचं. पन्नाशीला टेकलेला माणूस, कनिष्ठ महाविद्यालयात राज्यशास्त्र शिकवणारा, दर वर्षी पोरांना समानतेचा धडा घसा फोडून सांगणारा, आणि त्याच्या मनावर ओझं कशाचं तर पत्त्यांचं! खेळच तर होता, त्यात काय एवढं, असं मी स्वतःला इतकी वर्षं समजावत आलो. समजावता समजावता जवळपास पटलंही होतं.

जावेद आणि मी वणीच्या कॉलेजात एका बाकावर बसायचो. त्याच्या वडिलांचा छापखाना होता, तो आता त्याचा आहे — लग्नपत्रिका, वास्तूची कार्डं, दुकानांची बिलबुकं. जावेद म्हणजे मोठ्या आवाजाचा माणूस. कडक इस्त्रीचा पांढरा शर्ट, कानात अत्तराचा फाया, आणि बोलणं असं की मशीनच्या खडखडाटावरही त्याचाच आवाज चढा. पत्रिका छापायला आलेल्या नवरदेवाच्या बापाला तो आधी हसवतो, मग चहा पाजतो, आणि मजकुरातल्या चुका काढतो त्या शेवटी.

खेळाची कल्पना त्याचीच. त्याची मुलगी सायमा तेव्हा शाळेत होती. तिच्या वर्गातली मुलं कसल्याशा परदेशी राक्षसांचे पत्ते जमवायची, आपसात बदलायची, त्यावरून भांडायची. जावेदने ते पत्ते हातात घेऊन उलटसुलट पाहिले आणि मला म्हणाला, "विनूभाऊ, आपल्या जंगलात काय जनावरं कमी हायेत?" झालं. त्याने चित्रं काढली, मी नियम लिहिले. नाव ठेवलं 'शिवार'.

खेळ तसा सोपा. जंगलातली, शेतातली जनावरं, पाखरं, झाडं यांचे पत्ते. बंद पाकिटं फोडायची, मिळतील ते पत्ते जमवायचे, नकोसे बदलायचे आणि त्यातून आपल्या पसंतीची गड्डी बांधायची. प्रत्येक पत्त्याला पाणी लागतं — वाघाला भरपूर, सशाला घोटभर. आपल्या वाट्याच्या पाण्यात जनावरं शिवारात उतरवायची आणि समोरच्याची हुसकावून लावायची. वणीत पांढरं काही पांढरं राहत नाही, कोळशाच्या ट्रकांची कृपा, म्हणून पत्त्यांची पाठ आम्ही काळी ठेवली. आणि पाकिटं कसली? लग्नपत्रिकांची, उरलेली. सोनेरी गणपतीचं पाकीट फोडायचं आणि आतून रानडुक्कर निघायचं. जावेद म्हणायचा, "गणपती बाप्पा पाठवून राह्यले, नाही नोका म्हणू."

दर रविवारी दुपारी मशीन बंद ठेवून छापखान्यात बैठक बसायची. मोबाइल दुरुस्तीवाला मंगेश, झरी जामणीहून मोटारसायकल दामटत येणारे वन खात्यातले आत्राम, मारेगावचे दोघेतिघे, आणखीही काहीजण. सगळे मला सर म्हणायचे. खेळता खेळता वाद झाला की पत्ते जिथल्या तिथे ठेवून माझ्याकडे बघायचे. मी जरा थांबायचो — मुद्दाम, कळतं ना तुम्हाला? — चष्मा काढायचो, पुसायचो आणि मग निवाडा द्यायचो. ती क्षणभर थांबण्यातली मजा मला फार आवडायची. हे आधी सांगून टाकतो. कारण पुढचं सगळं तिथूनच आलं.

नियम मात्र वाटेल तेव्हा बदलायचे नाहीत, हे ठरलेलं होतं. लग्नसराई संपली, आषाढ लागला, मशीन रिकामी झाली की नवे पत्ते छापायचे आणि तेव्हाच नियमांची बैठक घ्यायची. काय भांडायचो म्हणून सांगू! रोही, म्हणजे नीलगाय, फार स्वस्त झालाय, त्याचं पाणी वाढवा. मोहाखाली अस्वल बसवलं की समोरच्याला हलता येत नाही, हा काय खेळ झाला? घोरपडीला कोणीच घेत नाही, तिला काहीतरी द्या बिचारीला. चिवड्याच्या पराती रिकाम्या व्हायच्या, मंगेश दोनदा तरी उठून जायचा आणि दोनदा परत यायचा.

या भांडणांवर मी एक उपाय काढला होता. उलटा डाव. ज्याला एखादा पत्ता फार जबर वाटतो, त्याने नुसती तक्रार करायची नाही. त्याने त्या पत्त्याची गड्डी स्वतः हातात घ्यायची. आणि त्या पत्त्याने जो जिंकतो, त्याने तक्रार करणाऱ्याची गड्डी घेऊन समोर बसायचं. सर्वांसमोर डाव खेळायचे. गड्ड्या बदलूनही तोच पत्ता जिंकला, तर दोष पत्त्याचा. नाही जिंकला, तर तक्रार करणाऱ्याने गप बसायचं. सुंदर आहे की नाही? मला अजूनही सुंदर वाटतो. बारावीच्या वर्गात न्यायाची कल्पना शिकवताना मी त्याचं उदाहरणसुद्धा देत असे. आता देत नाही.

आता टिटवी.

टिटवीचा पत्ता जावेदने हट्टाने घालायला लावला. छापखान्यामागच्या मोकळ्या जागेत टिटवी अंडी घालायची आणि तो दर उन्हाळ्यात जाऊन बघायचा, उंचवट्यावर घातलीत की खोलगट जागी, त्यावरून पाऊसपाणी कसं होईल ते सगळ्यांना सांगायचा. पत्ता म्हणून टिटवीत काही दम नव्हता. ताकद नावालाच, पाणी घोटभर. तिचं काम एकच — ती शिवारात बसलेली असेल तोवर समोरच्याने चाल करण्याआधी कोणतं जनावर पाठवतोय ते उघड करायचं. टिटवी ओरडून सावध करते ना, तसं. मी म्हणालो होतो, सगळ्यांसमोर म्हणालो होतो, की हा पत्ता कुत्रंही विचारणार नाही. खरंच कोणी विचारला नाही. पाकिटातून टिटवी निघाली की लोक ती चहाच्या कपाखाली ठेवायचे.

जावेदने कपाखालच्या त्या सगळ्या टिटव्या गोळा केल्या आणि जिंकायला लागला.

कसा जिंकायचा? बोलून बोलून. टिटवी शिवारात ठेवताना तोंडाने "टिटिव-टिव" असा आवाज काढायचा, सगळे खो खो हसायचे. मग हा समोरच्याला विचारणार, काय आत्रामसाहेब, बदलीचं काय झालं? मंगेश, पोरगी पाह्यली म्हणे? आणि समोरचा उत्तर देत असताना त्याच्या तोंडाकडे बघत बसणार. आपण रानडुक्कर उघड केलं की याला कळायचं, डुकरामागे वाघ आहे की नुसतीच हवा आहे. मला तर तो पार वाचून टाकायचा. पंचवीस वर्षांची ओळख, माझी भुवई उडाली तरी त्याला पुरे. आणि जिंकला की गप्प बसेल तर जावेद कसला! "विनूभाऊ, ज्यानं नियम लेह्यले त्यालेच येत नाही का खेळाले?" — आणि खांद्यावर थाप.

मीही हसायचो. हसावंच लागतं.

घरी जाताना मात्र... कसं सांगू? राग नव्हता तो. राग आला असता तर भांडलो असतो, दुसऱ्या दिवशी त्याच्याच दुकानात चहा पिऊन मोकळा झालो असतो. हे त्याहून बारीक होतं आणि वाईट होतं. लोक वाद झाला की आता माझ्याकडे बघायच्या आधी जावेदकडे बघू लागले होते. म्हणजे मला तसं वाटत होतं. खरंच बघत होते का? आता आठवून पाहतो तर नक्की सांगता येत नाही.

मग मी ग्रुपवर लिहायला लागलो. लांबलचक मेसेज, मुद्द्यांसकट. खेळाचा समतोल. ज्या पत्त्याशिवाय गड्डी बांधताच येत नाही तो पत्ता बाकीचे पत्ते खातो. घोटभर पाण्यात समोरच्याचं गुपित फोडायला मिळणं हा अन्याय आहे. नव्या खेळाडूंनी कोणाकडे पाहायचं? एकेक शब्द तोलूनमापून. जावेदचं नाव कुठेही नाही, बरं का — मी काय असा तसा माणूस आहे? फक्त पत्त्याबद्दल, फक्त तत्त्वाबद्दल. मंगेशला पटलं, त्याला काहीही पटतं. आत्रामांनी तेवढं विचारलं, "सर, वाघाले कोनी काही म्हनत नाही, अन् टिटवीले काहून?" त्यावर मी आणखी लांब मेसेज लिहिला.

आषाढ आला. बैठकीत मी रीतसर मागणी मांडली. जावेदला काहीच वाटलं नाही, उलट मजा वाटली. हात चोळत म्हणाला, होऊन जाऊ द्या उलटा डाव. पुढच्या रविवारी ठरलं. त्याने तिथल्या तिथे आपली टिटवीची गड्डी माझ्या हातात दिली. रबर लावलेली, अत्तराचा वास असलेली.

त्या आठवड्यात सुजाता शाळेत शिकवायला गेली की मी जेवणाच्या टेबलावर दोन्ही बाजूंनी एकटाच खेळून पाहायचो. आणि हरायचो. टिटवीच्या बाजूनेच हरायचो! ती बसली आहे, समोरचं जनावर उघड झालंय, सगळं दिसतंय — पण दिसून करायचं काय? त्या पत्त्यात काही नव्हतं. आत्रामांचं बरोबर होतं. मी पहिल्यांदा म्हणालो होतो तेही बरोबरच होतं, कुत्रंही विचारू नये असाच तो पत्ता होता. जावेद माझ्यापेक्षा चांगला खेळत होता. एवढंच होतं सगळं, एका वाक्यात मावेल इतकं.

हे मला रविवारच्या आधी कळलं होतं. हे लक्षात ठेवा. पुढे मी जे केलं ते गैरसमजातून केलं नाही.

मागणी मागे घेता आली असती. हसून म्हणता आलं असतं, जावेदभाऊ, पत्ता नाही रे, तूच जबर आहेस. किती आनंद झाला असता त्याला! वर्षभर पुरवून पुरवून वापरलं असतं त्याने ते वाक्य, प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगितलं असतं. मला वाटतं, तेच मला सहन होत नव्हतं.

आणि मग माझ्या बोटांना ते सापडलं. शोधत नव्हतो, शपथ — नाही, शपथ राहू द्या. पत्ते पिसताना काही पत्ते कडेला किंचित आत जात होते. ओळीने लावून पाहिले. टिटव्या आणि वाघ. टिटवी आणि वाघ एकाच मोठ्या कागदावर छापले होते आणि तो कागद कापताना केसभर जास्त कापला गेला होता. डोळ्यांना दिसत नव्हतं. पण गड्डी उभी धरून कडेवर अंगठा फिरवला की जिथे आखूड पत्ता असेल तिथे अंगठा अडखळायचा. तिथून तो ओढून वर आणायचा. मी करून पाहिलं. जमलं. पुन्हा करून पाहिलं. मग सुजाता येईपर्यंत तेच करत बसलो, आणि ती आल्यावर तिला म्हणालो, पेपर तपासत होतो.

एक अडचण होती. प्रत्येकाने आपली गड्डी पिसून समोर ठेवायची आणि समोरच्याने ती काटायची, म्हणजे वरचा भाग उचलून खाली घालायचा, हा नियम आहे. काटली की माझी सगळी मेहनत पाण्यात. पण आमच्याकडे एक रीत आहे, तुमच्याकडेही असेल. समोरच्यावर भरवसा असला की काटायची नाही. वरच्या पत्त्यावर नुसतं बोट टेकवायचं. म्हणजे, घ्या तुमचे पत्ते. जावेदने माझे पत्ते कॉलेजच्या दिवसांपासून कधी काटले नव्हते. "तुमच्या पत्त्याले काय काटाचं, विनूभाऊ?" हे त्याचं ठरलेलं.

मला ते माहीत होतं. त्यावरच तर सगळं अवलंबून होतं.

त्या रविवारी छापखाना भरला होता. कागदाच्या रिमांवर माणसं बसली होती. मी पत्ते पिसले. अंगठा कडेवरून फिरवला. टिटवी आणि दोन वाघ वर आणले, गड्डी त्याच्यासमोर ठेवली. जावेद तेव्हा मंगेशची थट्टा करत होता. माझ्याकडे न बघता त्याने बोट टेकवलं.

पहिला डाव मी जिंकलो. तसे पत्ते हातात पडल्यावर कोणीही जिंकलं असतं. पण लोकांना काय दिसलं? टिटवी बसली आणि सर जिंकले. दुसऱ्या डावाला तो जरा सरसावून बसला, बोलणं कमी केलं, आणि पुन्हा बोट टेकवलं. तिसऱ्याला — तिसऱ्या डावाची गरज नव्हती हो! ठरलेलं सिद्ध झालं होतं, आत्राम म्हणालेसुद्धा, झालं आता. मीच म्हणालो, नाही, नीट खात्री होऊ द्या, न्याय नीट झाला पाहिजे. असं म्हणालो मी. आणि अंगठा फिरवला. आणि त्याने बोट टेकवलं.

मी लबाडी केली. माझ्याच नियमाच्या डावात, माझ्या सगळ्यांत जुन्या मित्राच्या भरवशावर पाय देऊन, मी लबाडी केली. काही मिळणार होतं का? काहीही नाही. कप नाही, बक्षीस नाही. फक्त मी बरोबर ठरणार होतो.

टिटवीचं पाणी वाढवून जवळपास अस्वलाइतकं केलं आणि गड्डीत एकच टिटवी ठेवायची असं ठरलं. सगळे उठले, चपला शोधायला लागले. जावेद बसूनच होता. मला वाटलं आता हा काहीतरी बोलणार. बोलला तो. आवाज नेहमीचा नव्हता.

"मले खरंच मालूम नोतं, विनूभाऊ. मले वाटे मी खेळून राह्यलो. पत्ताच खेळून राह्यला होता." आणि मग, "एवढे दिवस तुमाले चिडवलं मी. मनात नोका ठेवू."

त्याने माझी माफी मागितली. मी काय म्हणालो माहीत आहे? मी म्हणालो, अरे, असू दे. मोठ्या मनाने म्हणालो. खांद्यावर थापही मारली.

नवी टिटवी त्यानेच छापली. पाण्याचे थेंब वाढवायचे म्हणून चित्र जरा लहान करावं लागलं. मी काही कामाने दुकानात गेलो होतो, तेव्हा कागद कापता कापता मला म्हणाला, "मागच्या खेपेले टिटवी-वाघाची कटिंग हुकली होती जराशी. ब्लेड बदलवलं त्या दिवशी. आता बराबर करतो." मी त्याच्या तोंडाकडे बघत राहिलो. तो मापपट्टीकडे बघत होता. त्याच्या हातात सगळं होतं — आखूड पत्ते कोणते तेही माहीत, माझ्या हातात तेच सारखे आले तेही पाहिलेलं. दोन गोष्टी शेजारी ठेवायचा अवकाश. त्याने ठेवल्या नाहीत. माझ्याबाबतीत तसं मनात आणणं त्याला सुचलंच नाही.

नव्या पत्त्यांनी तो थोडे दिवस खेळला. पण दुसऱ्याच कोणाचे कपडे घालून आल्यासारखा. चाल करताना विचारायचा, हे चालते ना नियमात? गप्पा बंद. गप्पा बंद म्हणजे समोरच्याला वाचणं बंद, आणि मग हरायला लागला. हरला की लोकांची खात्री आणखी पक्की. मंगेश एकदा म्हणाला, टिटवी गेली अन् जावेदभाईची हवा गेली. सगळे हसले. जावेदही हसला — तेच ते, हसावंच लागतं म्हणून. मी ओळखलं ते हसणं. माझंच होतं ते आधी. मी चष्मा पुसत बसलो.

पुढे त्याने खेळणं सोडलं. भांडून नाही, नुसतंच. रविवारी छापखाना तोच उघडतो, चहा तोच आणतो, पत्ते तोच छापतो. खेळा म्हटलं की म्हणतो, तुमचं होऊ द्या, मी पाहून राह्यलो. उभा राहून बघतो आणि काही बोलत नाही. जावेद. आणि काही बोलत नाही.

सांगायची संधी आली नाही असं नाही. माझ्या वडिलांना नागपूरला दवाखान्यात ठेवलं होतं, तेव्हा हाच दुकान बंद करून माझ्यासोबत आला, वडिलांना स्वच्छतागृहापर्यंत धरून नेलं. दवाखान्याच्या बाकावर आम्ही दोघंच बसलो होतो. तोंडापर्यंत आलं होतं. जावेद, एक सांगायचं होतं, इतकं बोललोही. तो वळला. मी म्हणालो, गाडी सावलीत लावली ना? हो, म्हणाला.

आता गेल्या रविवारचं.

सायमा आता नागपूरला शिकते, हुशार मुलगी आहे, बापाचा आवाज तिच्याकडे आलाय. नियमांच्या बैठकीला आली आणि तिने मागणी मांडली — टिटवी पहिल्यासारखी करा. काय सुरेख बोलली! म्हणाली, टिटवी नुसतं दाखवते, करत काही नाही. दाखवलेलं ज्याला वापरता येतं त्याच्याच हातात ती चालते. नागपूरला मैत्रिणींना जुन्या टिटव्या देऊन पाहिल्या, कोणाला काही उपयोग झाला नाही. मग पप्पाच्या हातात चालायची ती काहून? पत्ता जबर नव्हता, पप्पा जबर होते.

मी जेवणाच्या टेबलावर एकट्याने जे पाहिलं होतं, ते ही मुलगी सगळ्यांसमोर खणखणीत आवाजात सांगत होती. आत्राम मान हलवत होते. मी जरा हात लावला असता तर मागणी मंजूर झाली असती.

जावेद दाराशी चहाचा ट्रे घेऊन उभा होता. म्हणाला, "नोको बेटा. तू नोती तवा. म्या आपल्या डोयानं पाह्यलं हाय. विनूभाऊच्या हातात गेली तं मले एक डाव बसू देल्ला नाही तिनं. मी जिंकत नोतो कधी. थे टिटवी जिंके."

पोरीचा चेहरा उतरला. बापाच्या बाजूने ती लढत होती आणि बापच विरोधात साक्ष देत होता. आणि मग सगळ्यांनी — वर्षानुवर्षांच्या सवयीने — माझ्याकडे पाहिलं.

एक वाक्य. किती सोपं होतं! तेच, एका वाक्यात मावणारं. मी चष्मा काढला. पुसला. आणि म्हणालो, "जावेदभाऊ म्हणतात ते बरोबर आहे."

पहिल्या वेळचं मी तरुण होतो म्हणून, चिडलो होतो म्हणून असं काही सांगू शकलो असतो, खरं तर तेव्हाही मी काही कोवळा नव्हतो. पण हे? हे गेल्या रविवारचं आहे. आज लिहितोय तेव्हा मी जो आहे, त्यानेच केलंय.

बैठक संपली. सायमा फार वेळ फुगून बसणाऱ्यातली नाही. माझ्यासमोर येऊन बसली, म्हणाली, "काका, एक डाव होऊन जाऊ द्या. साधाच." मी पत्ते घेतले. हल्लीचे पत्ते सगळे एकसारखे कापलेले असतात, जावेद स्वतः उभा राहून कापतो. तरी पिसताना माझा अंगठा कडेवरून फिरला. आपोआप. कुठे अडखळला नाही. गड्डी मी तिच्यासमोर ठेवली आणि मनात म्हणालो, काट. काट गं बाई.

तिने वरच्या पत्त्यावर बोट टेकवलं. तिच्यामागे उभा राहून जावेद ते बघत होता, आणि बऱ्याच दिवसांनी त्याच्या तोंडावर हसू आलं होतं.

मी वरचे पत्ते उचलले.